स्ट्रिंगचा आकडा करताना शेवटचा बिट कुठे सांडतो?

पाऊणशहाणा (धागाकर्ता)

मंडळी, फावल्या वेळात एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा लिहितोय. लेक्सर (कोडचे शब्द तोडणारा) झाला, पार्सर (त्यांची रचना लावणारा) झाला, इंटरप्रिटरही (कोड चालवणारा) कसाबसा उभा राहिला. (भाषेला अजून नाव नाही. वापरणारा मी एकटाच, त्यामुळे बारशाची घाई नाही.) रनटाइममध्ये (भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये) एक फंक्शन हवं होतं: स्ट्रिंग (अक्षरांची माळ) द्यायची, संख्या घ्यायची. म्हटलं दहा मिनिटांचं काम. आज तिसरा आठवडा चालू आहे.

माझी पद्धत शाळेतली. डावीकडून एकेक अंक घ्यायचा, आधीच्या बेरजेला दहाने गुणून नवा अंक मिळवायचा. टिंब आलं की पुढच्या अंकांसाठी 'स्थान' नावाचा एक डबल (अपूर्णांकही ठेवणारा ६४ बिटांचा संख्याप्रकार) ठेवलाय. दर अंकाला तो ०.१ ने गुणायचा आणि 'अंक गुणिले स्थान' बेरजेत टाकायचं. जेमतेम पंधरा ओळी. "१२", "४५०", "०.५" व्यवस्थित आले. मग "०.३" दिलं आणि सी मध्ये सरळ लिहिलेल्या ०.३ शी ताडून पाहिलं, तर म्हणे समान नाहीत. १७ अंक छापले तेव्हा दिसलं:

०.३०००००००००००००००४

फ्लोटिंग पॉइंट अचूक नसतो हे मला माहीत आहे, ते प्रवचन कृपया नको. प्रश्न वेगळा आहे. कंपायलरही तेच ०.३ वाचतो, मीही तेच वाचतो, आणि दोघांकडे तोच ६४ बिटांचा डबल. मग त्याचं उत्तर वेगळं का?

(आकडे इथे देवनागरीत लिहितोय, कोडमध्ये अर्थातच इंग्रजी अंक आहेत.)

---

टिंबटिंब

स्ट्रटॉड वापरा आणि झोपा. (सी मधलं तयार फंक्शन, स्ट्रिंगचा डबल करून देतं.)

---

सी_वाले_काका

टिंबटिंब यांचा सल्ला वाईट नाही, पण धागाकर्त्याचा प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचा गुन्हेगार ०.३ नव्हे, ०.१ आहे. दशांशातला ०.१ द्विमानात कधी संपत नाही. डबलमध्ये त्याच्या जागी जे बसतं ते ०.१००००००००००००००००५५५ अशा काहीशा किमतीचं असतं. ही चूक अगदी बारीक, पण तुम्ही ती ३ ने गुणलीत आणि गुणाकार पुन्हा गोल झाला (जवळच्या मावणाऱ्या डबलवर नेला गेला). म्हणजे एकदा ०.१ बनवताना गोल केलं, दुसऱ्यांदा गुणताना गोल केलं. कंपायलर एकदाच करतो: लिहिलेली नेमकी किंमत घेतो आणि तिच्या सर्वांत जवळचा डबल देतो. दोन वेळा गोल करणं आणि एकदा करणं यात शेवटच्या बिटाचा फरक पडू शकतो, तो तुम्हाला पडला.

आता उपाय. 'स्थान' फेकून द्या. टिंबाकडे दुर्लक्ष करून सगळे अंक एका पूर्णांकात गोळा करा, टिंबानंतर किती अंक आले ते वेगळं मोजा, आणि अगदी शेवटी एकदाच भागाकार करा. "०.३" म्हणजे ३ भागिले १०. डबलमध्ये ३ नेमका बसतो, १० ही नेमका बसतो, आणि दोन नेमक्या संख्यांचा भागाकार योग्य त्या शेवटच्या बिटापर्यंत आला पाहिजे ही हमी आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंटच्या मानकाने १९८५ पासून दिलेली आहे. चूक शिरायला एकच जागा उरते, आणि तिथे हार्डवेअर पहारा देतं. करून बघा, कंपायलरचंच उत्तर येईल.

ही युक्ती कुठवर चालते? गोळा केलेला पूर्णांक २ च्या ५३व्या घातापर्यंत, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत असावा, आणि दहाचा घात २२ पर्यंत. तुम्ही विचारणारच की २२ च का, म्हणून आधीच सांगतो. १० चा २२वा घात म्हणजे २ चा २२वा गुणिले ५ चा २२वा. दोनाचे घात डबलच्या एक्स्पोनंटमध्ये (घाताच्या भागात) फुकट मावतात, भार फक्त पाचाच्या घाताचा. ५ चा २२वा घात २३८४१८५७९१०१५६२५, तो डबलमध्ये अंकांसाठी असलेल्या ५३ बिटांत मावतो. ५ चा २३वा ११९२०९२८९५५०७८१२५, तो मावत नाही. इतकं साधं आहे.

---

पाऊणशहाणा

काका, दंडवत. भागाकार केला, ०.३ जुळला. मग रँडम आकडे टाकून दहा लाख वेळा फिरवलं, एकही चुकला नाही.

---

सी_वाले_काका

कसले रँडम? सहा-सात अंकी असतील तर चुकणारच नाहीत, ते सगळे सोप्या वाटेने जातात. खरी चाचणी अशी: ६४ रँडम बिट घ्या, तोच डबल समजा (नॅन म्हणजे 'संख्याच नाही' आणि इन्फिनिटी म्हणजे अनंत, हे वगळून), तो १७ सार्थ अंकांत छापा, परत वाचा आणि बिट ताडून पाहा. १७ अंकांत प्रत्येक डबल एकमेवपणे ओळखू येतो, त्यामुळे एक बिट जरी हलला तरी दोष छापणाऱ्याचा नाहीतर वाचणाऱ्याचा.

---

पाऊणशहाणा

शेकडा नव्वदच्या वर फेल. तोंड लपवायला जागा शोधतोय.

---

रात्रपाळी

'स्ट्रटॉड वापरा आणि झोपा' वाचून जुनी जखम भळभळली. हा सल्ला पाळूनच माझी झोप उडाली होती.

आमचं एक डेस्कटॉप सॉफ्टवेअर होतं, मोजमापांच्या फायली वाचणारं. फायलीत "३.१४" असं सरळ लिहिलेलं. सगळीकडे चालायचं, फक्त जर्मन सेटिंग असलेल्या मशीनवर सगळी मापं पूर्णांक व्हायची. ३.१४ चे ३, ०.९९ चं ०. क्रॅश नाही, एरर नाही. आलेखसुद्धा यायचा, फक्त पायऱ्यापायऱ्यांचा. दोन दिवस आम्ही आलेखाच्या कोडमध्ये डोकं खुपसून बसलो होतो.

कारण असं की स्ट्रटॉड हा लोकेलप्रमाणे (भाषा-देशाच्या सेटिंगप्रमाणे) दशांशचिन्ह ठरवतो. जर्मनमध्ये ते स्वल्पविराम आहे. सी चा प्रोग्राम सुरू होताना लोकेल साधं 'सी' च असतं, म्हणून आमच्या छोट्या चाचण्यांत काही दिसलं नाही. पण खिडक्या-बटणांची लायब्ररी सुरू होताना गुपचूप सेटलोकेल करून वापरकर्त्याचं लोकेल लावत होती. तिथून पुढे स्ट्रटॉड "३.१४" मधला ३ वाचायचा, टिंब बघून थांबायचा आणि ३ परत द्यायचा. त्याच्या दृष्टीने बरोबरच! 'मी इथवर वाचलं' असं सांगणारा दुसरा पॉइंटर तो देतो, आम्ही तिथे नल (रिकामा पॉइंटर, म्हणजे 'सांगू नकोस') पाठवला होता.

त्यानंतर मी दोन गोष्टी कुळाचार म्हणून पाळतो. फाइल आणि नेटवर्कवरचे आकडे लोकेलच्या वाऱ्याला उभे करायचे नाहीत (सी++ १७ मधलं फ्रॉम-चार्स हे वाचन-फंक्शन लोकेल बघतच नाही). आणि वाचन स्ट्रिंगच्या टोकापर्यंत गेलं का, हे तपासल्याशिवाय आकडा पुढे द्यायचा नाही.

---

टिंबटिंब

बरं, स्ट्रटॉड वापरा आणि एक डोळा उघडा ठेवून झोपा. एटॉफ (स्ट्रटॉडचा साधा भाऊ) तर नकोच. "केळं" दिलं तरी शून्य आणि "०" दिलं तरी शून्य.

---

अवग्रह

रात्रपाळी यांचा दुसरा मुद्दा धागाकर्त्याने भाषा लिहितानाच ठरवावा: अर्धी स्ट्रिंग वाचता आली तर काय करायचं? प्रत्येक रनटाइमने आपापलं ठरवलंय आणि गोंधळ तिथेच आहे. जावास्क्रिप्टमध्ये एकाच घरात दोन सुना: पार्सफ्लोटला "१२कखग" दिलं तर १२ देतो, नंबरला दिलं तर नॅन. हा नंबर कडक वाटतो ना? त्याला रिकामी स्ट्रिंग द्या, शून्य देतो. फॉर्ममध्ये रिकामा सोडलेला रकाना आणि शून्य भरलेला रकाना एकाच भावात.

सी-शार्पमधलं मला सर्वांत लबाड वाटतं. डेसिमल या दशांश प्रकाराचं पार्स (स्ट्रिंग वाचणारं फंक्शन) हजारांचे स्वल्पविराम चालवून घेतं, पण ते योग्य जागी आहेत का हे बघत नाही. इनव्हेरिअंट कल्चर (कुठल्याही एका देशाचं नसलेलं सेटिंग) लावून "१,५" दिलं, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात दीड, तर उत्तर येतं १५. दसपट! एरर आली असती तर परवडलं असतं. उलट "१ई५" (१ गुणिले दहाचा पाचवा घात) दिलं तर तेच डेसिमल पार्स अपवाद फेकतं, कारण घाताचं चिन्ह त्याच्या मूळ सेटिंगमध्ये नाही. डबलचं पार्स मात्र ते खुशाल घेतं.

आणि त्या 'ई' बद्दल अवांतर: जनुकशास्त्रात २३१०००९ई१३ अशा धाटणीचे ओळख-क्रमांक असतात. एक्सेल ते वाचून 'हा तर दहाचा तेरावा घात' म्हणून संख्या करून टाकतं आणि मूळ क्रमांक गायब. २००४ साली एका शोधनिबंधात हे मांडलं गेलं होतं. तेव्हा स्ट्रिंगचा आकडा करायचा की नाही, हे विचारल्याशिवाय करू नये. आपणहून केलेल्या सेवेची किंमत दुसरा मोजतो.

---

रात्रपाळी

अवग्रह, देवनागरी अंकांचं काय? इथे सगळे "१२.५" असं लिहितायत म्हणून आठवलं.

---

अवग्रह

वा, हा माझा आवडता विषय. पायथॉनच्या फ्लोटला देवनागरी "१२.५" जसंच्या तसं द्या, साडेबारा मिळतात. इंट आणि डेसिमलही घेतात, कारण युनिकोडमध्ये जे जे दशमान अंक म्हणून नोंदलेलं आहे ते ते चालतं. (कोडमध्ये लिटरल म्हणून, म्हणजे थेट आकडा म्हणून, लिहिलंत तर मात्र सिंटॅक्स एरर.) जावामध्ये दुफळी आहे. इंटिजरचं पार्सइंट देवनागरी "१२" घेतं, बिगडेसिमल (जावाचा दशांश प्रकार) घेतं, डबलचं पार्सडबल अपवाद फेकतं. जावास्क्रिप्टचा नंबर नॅन देऊन मोकळा.

मराठी माणूस म्हणून पायथॉनचं कौतुक वाटतं, पण खाचही लक्षात घ्या. तुमच्या वेब सर्व्हरवर पायथॉन 'हो, संख्या आहे' म्हणतो, ती स्ट्रिंग तशीच पुढे दुसऱ्या भाषेतल्या सेवेकडे जाते, आणि तिथे आपटते. तपासलेली स्ट्रिंग पुढे पाठवू नये, तपासून निघालेली संख्या पाठवावी.

---

पाऊणशहाणा

माझ्या भाषेत देवनागरी अंक घेणार! तेवढा तरी अभिमान असू दे.

आता मूळ दुखण्याकडे. सोप्या वाटेपलीकडच्या आकड्यांसाठी मी एक जुगाड विचार केलाय. इंटेलच्या जुन्या एक्स८७ एककात ८० बिटांचा लाँग डबल मिळतो, त्यात ६४ बिटांचा मँटिसा (अंकांचा भाग) असतो. हिशेब त्यात करायचा आणि शेवटी डबलमध्ये उतरवायचं. ११ बिट जादा मिळतात. पुरावेत ना?

---

सी_वाले_काका

बहुतेकदा पुरतील आणि म्हणूनच घात करतील. आधी एक उदाहरण हातात घ्या.

९००७१९९२५४७४०९९३. हा २ चा ५३वा घात अधिक १. या टापूत डबल दोन-दोनच्या अंतराने येतात: एक …९९२, पुढचा …९९४. आपला …९९३ बरोबर मधोमध. नियम असा की मधोमध असेल तर शेवटचा बिट शून्य असलेल्याकडे जायचं, म्हणून उत्तर …९९२. आता याच आकड्यापुढे टिंब द्या, शंभर शून्यं लिहा आणि त्यापुढे एक १ लिहा. आता तो मध्याच्या केसभर वर गेला, उत्तर …९९४ झालं पाहिजे. म्हणजे एकशेएकाव्या दशांश स्थळावरचा एकटा अंक निकाल फिरवतो. तुमचे ११ जादा बिट तिथवर पोचतच नाहीत. ८० बिटांत तो केस कापला जाणार, मधोमध असल्याचा भास होणार, आणि डबलमध्ये उतरवताना चुकीच्या बाजूला पडणार. दोनदा गोल करण्याचं पाप पुन्हा तेच, फक्त मोठ्या भांड्यात.

ठरावीक जादा बिटांनी भागत नाही, कधीकधी कितीही मोठे पूर्णांक हाताळणारं गणित लागतंच, हे विल्यम क्लिंगर यांनी १९९० साली मांडलं. त्याच परिषदेत स्टील आणि व्हाइट यांनी उलट दिशा, म्हणजे आकडा अचूक छापायची पद्धत, मांडली. त्याच वर्षी डेव्हिड गे यांनी दोन्ही दिशांचं काम करणारा कोड लिहिला, आणि तो आजही कितीतरी रनटाइमच्या पोटात आहे. पायथॉनमध्ये ३.१ आवृत्तीपासून आहे.

गे यांची चाल थोडक्यात: आधी साध्या डबलमध्ये एक अंदाज काढायचा. मग तो अंदाज आणि मूळ दशांश आकडा, दोन्ही मोठ्या पूर्णांकांत नेमके मांडून वजा करायचे. फरक शेवटच्या बिटाच्या निम्म्याहून कमी असेल तर अंदाज पक्का, नाहीतर एक पाऊल सरकून पुन्हा तपासायचं.

आणि ८० बिटांच्या मोहाचं फळ बघा. पीएचपीत हाच कोड होता. जानेवारी २०११ मध्ये लक्षात आलं की ३२ बिटी बिल्डला २.२२५०७३८५८५०७२०११ई-३०८ दिलं की तो अनंतकाळ फिरत बसतो. हा आकडा नॉर्मल आणि सबनॉर्मल (शून्याला चिकटलेल्या, कमी अचूक) डबलांच्या अगदी शिवेवरचा. 'एक पाऊल सरक, पुन्हा तपास' चालू असताना मधली किंमत ८० बिटी रजिस्टरमध्ये राहायची, मेमरीतल्या ६४ बिटांशी जुळायची नाही, आणि दुरुस्ती कधी संपायचीच नाही. यूआरएलमध्ये हा आकडा पाठवून सर्व्हर अडकवता येत होता. पुढच्याच महिन्यात जावात तसाच प्रकार निघाला, २.२२५०७३८५८५०७२०१२ई-३०८ वर. तिथे प्रोग्रामच काय, तो आकडा लिटरल म्हणून लिहिला तर कंपायलरसुद्धा लटकायचा.

---

टिंबटिंब

शेवटच्या अंकाचा फरक, ०११ आणि ०१२. जुळे भाऊ.

---

पाऊणशहाणा

काका, लाँग डबल रद्द. पण मोठ्या पूर्णांकांचं गणित प्रत्येक वेळी करायचं म्हणजे लाखभर ओळींची फाइल वाचताना रडू येईल.

---

सी_वाले_काका

प्रत्येक वेळी नाही. नव्या पद्धतीत मायकेल आयझेल यांची कल्पना आणि डॅनिएल लेमायर यांचं काम आहे. पाचाच्या -३४२ पासून ३०८ पर्यंतच्या घातांचं एक तयार कोष्टक ठेवतात, प्रत्येक नोंद १२८ बिटांची. पहिले १९ अंक ६४ बिटी पूर्णांकात घ्यायचे, कोष्टकातल्या नोंदीने गुणायचे, वरचे बिट उचलायचे. गंमत अशी की हे गणित चुकलं नाही याची खात्री गणितालाच करता येते. खात्री पटली नाही तरच मोठ्या पूर्णांकांच्या सावकाश वाटेला जायचं, आणि ते क्वचित. गो भाषेत १.१६ आवृत्तीपासून आणि रस्ट भाषेत १.५५ पासून हेच आहे.

१९ हून जास्त अंक आले तर युक्ती छान आहे. पहिल्या १९ अंकांचा पूर्णांक घेऊन एक उत्तर काढा, त्यात १ मिळवून दुसरं काढा. दोन्ही सारखी आली तर शेपटीत काहीही लिहिलेलं असो, फरक पडत नाही. वेगळी आली तरच शेपूट वाचा.

तुमच्या छंदासाठी एवढं कोष्टक नको. सोपी वाट आणि मागे मोठ्या पूर्णांकांची वाट, बस.

---

टिंबटिंब

एवढा खटाटोप करण्यापेक्षा भाषेत डबल ठेवूच नका की. सरळ दशांश प्रकार द्या. माणूस दहात लिहितो, यंत्रानेही दहात ठेवावं.

---

अवग्रह

टिंबटिंब, अर्धं पटलं. दशांश प्रकारात वाचन खरंच सोपं होतं. "१.२०" म्हणजे अंक १२० आणि घात उणे २, संपलं, गोल करणं नाहीच. पण तुम्ही वाचताना दयाळू झालात की ताडताना भोगता. जावाच्या बिगडेसिमलमध्ये "२.०" आणि "२.००" इक्वल्सच्या मते समान नाहीत, कारण घात वेगळा. कम्पेअरटू म्हणतो समान. दोन्ही हॅशसेटमध्ये (तो इक्वल्सचं ऐकतो) टाका, दोन नोंदी. ट्रीसेटमध्ये (तो कम्पेअरटूचं ऐकतो) टाका, एक. आणि डबलमधून दशांश बनवलात तर मुळावरच घाव: पायथॉनचं डेसिमल(१.१) त्या डबलची पन्नासेक अंकी खरी किंमत इमानदारीत छापतं. अवतरणचिन्हांत "१.१" द्या, तर १.१.

शिवाय बाहेरून येणाऱ्या स्ट्रिंगला लगाम हवा. "१ई१००००००००" बिगडेसिमलमध्ये बिनतक्रार बसतं, घात नुसता लिहून ठेवायचा असतो. मग कोणी त्याचा साधा पूर्णांक मागतो आणि मेमरी हात टेकते. नुसत्या लांबीनेही मारता येतं, कारण साध्या पद्धतीत अंक दुप्पट झाले की वेळ चौपट होतो. पायथॉनने २०२२ मध्ये पूर्णांकाच्या स्ट्रिंगला मूळ सेटिंगमध्ये ४३०० अंकांची मर्यादा घातली ती याचसाठी.

---

पाऊणशहाणा

ठरलं. दोन प्रकार ठेवतो. साधा लिटरल डबल, आणि मागे 'द' लावला की दशांश. वाचन पूर्ण स्ट्रिंगचंच, अर्धवट असेल तर एरर. रिकामी स्ट्रिंग एरर. हजारांचे स्वल्पविराम एरर. घात चार अंकांपेक्षा मोठा असेल तर दशांशाला एरर. लोकेल नाही. देवनागरी अंक चालतील, पण एकाच आकड्यात दोन लिपींची भेसळ चालणार नाही.

मोठ्या पूर्णांकांची वाट काल रात्री लिहून झाली. काकांची ६४ बिटांची चाचणी पाच तास चालवली, एकही बिट हलला नाही. …९९३ आणि त्याची शंभर शून्यांची शेपूट, दोन्ही बरोबर. पीएचपीचा आकडा आणि जावाचा आकडा दिला, लटकला नाही. आता मी झोपतो, दोन्ही डोळे मिटून.

---

टिंबटिंब

झोपण्याआधी "-०.०" देऊन बघा, आणि १ ला त्याने भागा.

---

पाऊणशहाणा

+इन्फिनिटी. उणे इन्फिनिटी यायला हवी होती.

सापडलं. अंक पूर्णांकात गोळा करतो, उणे चिन्ह त्याच पूर्णांकाला लावतो, मग डबल करतो. पूर्णांकात उणे शून्य नसतंच, चिन्ह तिथेच गळून पडतं. पण रँडम बिटांत हे कसं आलं नाही?

---

सी_वाले_काका

६४ बिटांत उणे शून्याचा एकच नमुना असतो. पाच तासांत तो हाती लागायला मोठं नशीब लागलं असतं. चिन्ह डबल झाल्यावर लावा.

---

पाऊणशहाणा

लावलं. आलं.